उणे आलं तर शून्य

चार नंबरच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, असं धाकटी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिच्या सख्ख्या भावाने तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं.

"काही येत नाही झिणझिण्याबिणझिण्या! सोमवारी मोजलं, काल मोजलं, आज सकाळी मोजलं. आणखी किती वेळा मोजू? मशीन धुतल्या तांदळासारखी आहे!"

"दादा, हात माझा आहे ना? त्याला काय होतं ते मला कळणार की तुझ्या डबीला?"

डबी म्हणजे त्याच्या हातातला मल्टिमीटर. बावीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलेल्या माणसाच्या मीटरला त्याची बहीण डबी म्हणाली, तीही बारा बायका आणि मॅनेजर ऐकत असताना. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. तशी ती जायला फार वेळ लागतच नसे. लाँड्रीत त्याला फ्यूज म्हणत, कारण जरा भार आला की तो उडायचा. तोंडावर फ्यूजभाऊ, पाठीमागे नुसता फ्यूज.

लाँड्री मोठी. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं इथे यायचं. बारा मशीन दोन रांगांत उभ्या, खालची फरशी सदानकदा ओली, आणि बायकांच्या पायात रबरी बूट, त्यातले निम्मे फुटके. अशा ठिकाणी मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती बाईच्या अंगातून जमिनीत जाणार, हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नाही. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक मशीनला अर्थिंगची जाड तार असते. वीज चुकून पत्र्यात आलीच तर ती त्या तारेने निमूट निघून जाते. ती तार धड आहे की नाही हे दर महिन्याला मोजणं, हे फ्यूजचं काम. मशीनपासून भिंतीवरच्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंतचा रेझिस्टन्स पाव ओमच्या आत आला पाहिजे. आला की मशीन पास, वहीत आकडा, खाली सही.

मोजायची पद्धतही त्यानेच बसवलेली. मीटरच्या आखूड तारा पट्टीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून एका लाकडी रिळावर साठेक फूट तार गुंडाळून ठेवलेली. आता एवढ्या लांब तारेचा स्वतःचाही रेझिस्टन्स असतो, तो मशीनच्या आकड्यात मिसळतो, म्हणून नंतर तो वजा करायचा. किती? तीन वर्षांपूर्वी त्याने तो नीट मोजला आणि रिळावर पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहून ठेवलं: "०.७ वजा". चार नंबरवर मीटर दाखवायचा ०.८. त्यातून सात गेले, उरला ०.१. पास. आता ह्यात खोट कुठे आहे, दाखवा!

मॅनेजरला तर कुणाचंच भांडण नको होतं, त्याला चादरी हव्या होत्या. धाकटी चार नंबरला हात लावेना, म्हणून ती मशीन दोन दिवस बंद होती आणि मळक्या चादरींचा डोंगर दारापर्यंत आला होता. मंगळवारी त्याने वहीत शेरा मारला होता: "कर्मचारी खोटी तक्रार करते. मशीन तपासली, दोष नाही." त्याखाली तपासणाऱ्याची सही फ्यूजची.

"हे बघा ताई," तो धाकटीला म्हणाला, "तुमचा भाऊच सांगतोय. शनिवारी सकाळी चार नंबरवर उभं राहायचं, नाहीतर बूट आणि एप्रन जमा करायचे. मला रोज रोज नाटकं नकोत."

धाकटीने नवरा गेल्यापासून ह्याच पगारावर दोन पोरींची शिक्षणं चालवली होती.  बाहेर नळावर हात धुताना ती भावाकडे वळली.

"तू माझा भाऊ आहेस की मशीनचा?"

"मी आकडा सांगतो. आकडा कुणाचा भाऊ नसतो."

"मग तुझ्या आकड्यालाच राखी बांध," म्हणून ती आत निघून गेली.

हे त्याला जिव्हारी लागलं. तो तसाच मॅनेजरच्या खोलीत घुसला आणि तिथे कपाटावर राग काढला, म्हणजे दार आपटलं. हा स्वस्तातला मीटर तुम्हीच माझ्या गळ्यात मारलात, म्हणाला. मला माझ्या पसंतीचा चांगला मीटर द्या, त्याने सगळ्यांसमोर मोजतो, आणि एकदाचं तिचं तोंड बंद करतो. मॅनेजरला ही कल्पना फारच आवडली.

"घ्या ना! आजच घ्या. ताईंनाही न्या बरोबर, म्हणजे नंतर कुरकुर नको."

अशी ती दोघं शुक्रवारी दुपारी मीटरच्या दुकानात गेली.  त्याच्या एका काखेत ते रीळ, दुसऱ्या हातात जुना मीटर. रीळ कशाला घेतलं, तर नवा मीटर त्यावर जोडून बघायचा म्हणून. ही एकच शहाणपणाची गोष्ट त्याने त्या आठवड्यात केली.

दुकान म्हणजे बोळातली एक अरुंद खोली. फळ्यांवर मीटर ओळीने मांडलेले, टेबलावर उघडून ठेवलेले तीन-चार, आणि मागे एक साठीच्या बाई, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. मीटर त्याच विकत, त्याच दुरुस्त करत. त्यांच्या जिभेला हाड नाही हे फ्यूजला ठाऊक होतं, पण त्याला वाटे की आपल्याही नाही.

त्याने थेट सगळ्यात मोठा पिवळा मीटर उचलला. मागे दिवा, तापमान मोजायची सोय, मोठी स्क्रीन.

"हा द्या."

"का?"

"का म्हणजे? ह्यात सगळं आहे."

"मोजायचं काय आहे तुम्हाला?"

"अर्थिंग. पाव ओमच्या आत."

"मग ताप बघायची सोय कशाला? मशीनला सर्दी झालीय?" बाईंनी मीटर त्याच्या हातातून काढून घेतला. "हा कमीत कमी एक दशांश ओम दाखवतो. ०.१ झालं की पुढचा आकडा थेट ०.२. आणि कागदावर काय लिहिलंय वाचा. शेवटचा आकडा तीनने इकडेतिकडे होऊ शकतो. ०.१ दिसतंय ते खरं ०.४ असेल, कोण सांगणार? दुधाच्या मापाने डोळ्याचं औषध मोजायला निघालात होय?"

धाकटी पहिल्यांदा हसली. फ्यूजने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर दुकानाबाहेर गेली असती.

बाईंनी त्या मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली. "आता काय दिसायला पाहिजे?"

"शून्य," धाकटी म्हणाली.

दिसत होतं ०.३. बाईंनी टोकं फडक्याने पुसली, दाबून धरली, तर ०.२. हलकी धरली, तर ०.४.

"हा ह्याच्या तारांचा आणि टोकांचा स्वतःचा रेझिस्टन्स. मोठ्या आकड्यात तो दिसत नाही. तुम्ही मोजताय पाव ओम, त्यात हाच जास्त."

"ते मला शिकवू नका," फ्यूज तडकला. "तारांचं आम्ही वजा करतो. हे बघा, लिहिलंय." आणि त्याने रीळ टेबलावर आपटलं. पांढरे आकडे वर.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे कधी मोजलं?"

"तीन वर्षं झाली."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? तांब्याची तार आहे, ती काय वाढदिवसाला वाढते?"

"बरं. वजा केल्यावर कधी मायनस येतं का?"

"येतं की. खूपदा येतं."

"मग काय करता?"

"शून्य लिहितो. उणे आलं तर शून्य. म्हणजे एकदम उत्तम अर्थिंग, त्याच्याखाली कुठे जाणार?"

बाईंनी चष्मा पुन्हा काढला. 

"अहो दादा," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चक्क मऊ होता, त्यानेच फ्यूज जास्त भडकला. "रेझिस्टन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा. शून्याच्या खाली अडथळा म्हणजे काय? तार विजेला मागून ढकलते?"

"मला अक्कल शिकवायची नाही! बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं बाजूला ठेवा. तुमचाच मीटर काढा. तुमचंच रीळ लावा, आणि तुमच्याच हाताने टोकं एकमेकांना लावा."

त्याने दातओठ खात लावली. इतक्या जोरात दाबली की बोटांची नखं पांढरी झाली. जुन्या मीटरवर आकडा आला ०.४.

त्याने टोकं पुसली. ०.४. रिळाचं दुसरं टोक चाकूने खरवडलं. ०.४. बाईंनी एक जाडजूड मीटर पुढे सरकवला, त्यावरही जवळपास तेच. ज्या डबीला तो सकाळपासून शिव्या घालत होता ती बिचारी खरं बोलत होती. रिळावरचे पांढरे सात खोटे होते.

"तीन कुठे गेले?" तो स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाला. "तार झिजते का? सांगा ना! झिजते का?"

"माझ्या गॅलरीत आहेत," धाकटी म्हणाली.

"काय?"

"गेल्या वर्षी रिळावरून चादरींची ट्रॉली गेली. तार चेचली. तू चेचलेल्या जागेपासून पुढची कापून टाकलीस, आणि वाया कशाला घालवायची म्हणून मला कपडे वाळत घालायला बांधून दिलीस. तीन पदरी बांधलीयस, गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर्षभर पोरींचे युनिफॉर्म वाळतायत तुझ्या तीन आकड्यांवर."

 फ्यूजचा राग तर तसाच होता, पण तो टाकायचा कुणावर? बाईंवर? त्यांनी नुसतं विचारलं होतं. मीटरवर? ट्रॉलीवाल्यावर? तार त्याने स्वतः कापली होती, स्वतः बांधली होती, वर भाचीने आणलेला चहाही प्यायला होता. फक्त रिळावरचा आकडा पुसायचा राहिला. आणि मग दर महिन्याला, न चुकता, त्याने प्रत्येक मशीनच्या खऱ्या आकड्यातून तीन फुकट उडवले. चांगल्या मशीन उणे यायला लागल्या तेव्हा तरी डोकं चालवायचं! तर ह्या शहाण्याने शून्य लिहिलं आणि सही ठोकली.

बाईंनी तोवर फळीवरून एक राखाडी मीटर काढला होता. त्याला दोनऐवजी चार तारा, आणि टोकांना दोन मोठे चिमटे, प्रत्येक चिमट्यात दोन-दोन तारा.

"हा घ्या. दोन तारा वीज नेतात, दुसऱ्या दोन नुसतं मोजतात, त्यामुळे तारांचा रेझिस्टन्स आकड्यात येतच नाही. हजाराव्या भागापर्यंत दाखवतो. ह्याच्या लांब तारा मी जोडून देते. चिमटा लावण्याआधी रंग खरवडायचा, गंज काढायचा. आणि ह्याला वजाबाकी लागत नाही, म्हणजे तुमच्यासाठी बरा."

एरवी तो ह्या वाक्यावर दुकान डोक्यावर घेता. आता त्याने पावती घेतली आणि बाहेर पडला. बोळाच्या तोंडाशी त्याने बहिणीला गाठलं.

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहितीय," ती म्हणाली, चालता चालताच. "मुद्दाम केलं असतंस तर एखाद्या महिन्यात तरी तुला लाज वाटली असती."

शनिवारी सकाळी मॅनेजर हातात वही घेऊन चार नंबरजवळ उभाच होता. बाकीच्या अकरा मशीन सुरू झाल्या होत्या, आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी जमेल तेवढ्या बायका बघायला आल्या. चार नंबरची वीज तोडलेली. फ्यूजने पत्र्यावरचा रंग खरवडला, एक चिमटा तिथे लावला, दुसरा अर्थिंगच्या पट्टीवर. आकडा आला ०.३९. पाव ओमच्या कितीतरी वर. त्याने मशीनच्या कुशीत बुटाने एक लाथ घातली, तर आकडा ०.९ वर उडाला आणि मग स्क्रीनवर नुसत्या रेघा आल्या.

त्याने खालचा पत्रा उघडला. अर्थिंगची तार जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे साबणाच्या पाण्याने हिरवा चोथा झाला होता. बोल्ट सैल. त्याने तार जराशी ओढली आणि ती सरळ हातात आली. मशीन उभी असताना ती कशीबशी टेकलेली राहायची, आणि पिंप गरगर फिरायला लागलं की सुटायची. मग पत्र्यात उतरलेली वीज थेट धाकटीच्या हातात. म्हणजे झिणझिण्या यायच्या त्या अशा. महिन्यामागून महिने त्याने ही मशीन मोजली, आणि चार स्क्रू काढून एकदा आत डोकावला नाही. कशाला डोकावेल? ०.१ होता ना!

"देवा!" जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.  धाकटीने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले होते.

मॅनेजर क्षणभर पांढराफटक पडला. पण तो मॅनेजर उगाच नव्हता झालेला. लगेच सावरला.

"म्हणजे जुना मीटरच खराब होता! मी म्हणतच होतो. लिहा, लिहा वहीत: जुना मीटर सदोष आढळला, बदलला. सही करा. ताई, तुमचं खरं निघालं बरं का, तुम्ही आजपासून एक नंबरवर उभ्या राहा. झालं, विषय संपला."

त्याने फ्यूजच्या हातात पेन दिलं. इतकं सोपं होतं ते. मीटरला काय, तो बोलायला येणार नव्हता. बहिणीची नोकरी राहत होती, त्याची राहत होती, वर्षभराच्या बारा सह्यांना कुणी हात लावणार नव्हतं. फ्यूजने पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं, खोटं कशाला सांगू.

धाकटीने त्याच्या हाताखालून वही ओढून घेतली. तिने शेवटचं पान काढलं आणि बोटाने एकेक ओळ वाचायला लागली, मशीनच्या आवाजावर चढ्या आवाजात. "एक, शून्य. दोन, शून्य. तीन, शून्य. चार, ०.१. पाच, शून्य. सहा, शून्य. सात, ०.२." ती थांबली. "दादा, तू फुकट उडवलेले तीन ह्यात मिळवले तर सात नंबरचे किती झाले?"

तिने बोटांवर तीन मिळवून दाखवले.

"पाच झाले," ती म्हणाली. "चारपेक्षा जास्त. आणि हा अकरा नंबर, तोही ०.१. त्याचेही चार." तिने मान वळवली. सात नंबरचं पिंप पूर्ण वेगात फिरत होतं आणि त्याच्या पत्र्याला टेकून एक बाई ओल्या चादरींची टोपली कमरेवर सावरत होती. "बस तू. सही कर सावकाश."

पेन कुठे पडलं ते त्याला कळलं नाही. तो ओल्या फरशीवरून धावला, एकदा घसरला, उठला, आणि भिंतीवरच्या पेटीतला मुख्य खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. अकराच्या अकरा मशीन रेंगाळत थांबल्या. लाँड्रीत इतकी शांतता त्याने दिवसा कधी ऐकली नव्हती.

"वेड लागलंय का?" मॅनेजर ओरडला. "दुपारी हॉस्पिटलला चादरी जायच्यात! कुणी सांगितलं बंद करायला?"

"मी सांगितलं!" फ्यूज त्याच्या दुप्पट ओरडला. "मीटर चांगला होता! ऐकताय का सगळ्या? मीटर चांगला होता, गाढव मी होतो! वर्षभर चुकीचं वजा केलंय मी. ह्या बाईला मी खोटी म्हटलं, सही करून म्हटलं. लिहा हे! मला काढायचं तर काढा, पण बारा मशीन मोजून झाल्याशिवाय ह्या खटक्याला हात लावाल तर याद राखा!"

सात नंबरजवळच्या बाईने टोपली हळूच खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. बाकीच्याही सरकल्या. मॅनेजर फोन काढून बाहेर गेला, कुणाला लावायला ते देव जाणे.

फ्यूज परत आला तेव्हा त्याचे गुडघे भिजले होते. त्याने नवा मीटर उचलला, एक चिमटा बहिणीपुढे धरला.

"तू एवढा पट्टीला धर. मी मोजतो."

तिने चिमटा घेतला नाही. मीटर घेतला. वही तिच्या काखेत होतीच, खाली पडलेलं पेनही तिनेच उचललं होतं.

"चिमटे तू लाव," ती म्हणाली. "दोन्ही. आकडा मी वाचणार."

 तो आधी सात नंबरपुढे गुडघे टेकून बसला, पत्र्याचा रंग खरवडला, चिमटा लावला. मग उठून पट्टीपाशी गेला, दुसरा लावला.

"लागला?" तिने तिकडून विचारलं.

"लागला."

ती आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. मग तिने तो वहीत लिहिला, पुढे स्वतःची सही केली आणि वही मिटली. त्याला दाखवला नाही.